आढ्यावरचा ढोल खाली काढ

या वेळचं पत्र तळोदा तालुक्यातून आलं आहे. थोडं कमी करून देतो.

"काका, मी चोवीस वर्षांची आहे. एका पुनर्वसन वसाहतीत राहते. आमचं मूळ गाव अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठावर होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. वसाहतीत चाळीसेक मुलंमुली आहेत. लग्नात डीजेवर टिमली, म्हणजे आमच्या आदिवासी नाचाची धून, लागली की सगळी नाचतात, पण ढोलावर पाय टाकायला सांगितलं की लाजतात. त्यांच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांचं नाचाचं शिबिर घ्यायचं माझ्या मनात आहे. जवळच्या एका शाळेने सभागृह देऊ केलंय, पण डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात आठ मिनिटांचं 'होळी नृत्य' बसवून द्यायचं, अशी अट आहे. शहरातले काही पालक आपल्या मुलांसाठी फी भरायला तयार आहेत. अडचण घरातच आहे. माझे आजोबा तरुणपणी होळीला नवसाचा वेश चढवून बुध्या व्हायचे. त्यांना शिकवायला बोलावलं तर रागावले. 'पालनी पाळल्याशिवाय बुध्या कसा होईल? आणि दिवाळीत होळी कुठून आणलीस?' एवढंच म्हणाले, तेव्हापासून धड बोलत नाहीत. त्यांचा ढोल आढ्याला टांगलेला आहे. शिकवलं नाही तर सगळं त्यांच्याबरोबर जाईल, शिकवायला गेले तर ते दुखावतात. मला मुलगी समजून लिहा."

बेटा,

आजोबांच्या रागाने तू घाबरली आहेस, मला मात्र त्यानेच धीर आला. ज्याने मनातून सोडून दिलेलं असतं तो माणूस "करा तुमचं काय ते" म्हणतो आणि बिडी पेटवतो. तुझे आजोबा अजून भांडतात. शिवाय त्यांच्या दोन वाक्यांत तुझ्या शिबिराचा निम्मा आराखडा आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे माझा सल्ला किती घ्यायचा ते तुला ठरवता येईल. मी घरात अहिराणी बोलणारा माणूस. नोकरी आश्रमशाळेत झाली, आधी साक्री तालुक्यात कोकणा वस्तीत, मग तुमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला. भिली बोली मला समजते, बोलताना जीभ अडखळते. तुमचा नाच मी तीस वर्षं रिंगणाबाहेर उभा राहून पाहिला आणि चार-पाचदा कुणीतरी हात धरून आत ओढलं म्हणून नाचलो. तेव्हा माझ्यात आणि आजोबांत मतभेद दिसला तर आजोबांचं ऐक.

आता पहिलं वाक्य, पालनीचं. बावा-बुध्या म्हटलं की बाहेरच्या माणसाला तो वेश दिसतो: डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कंबरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरं. फोटोत तेवढंच येतं. त्यामागे नवस असतो आणि त्याचे नियम पाळणं म्हणजे पालनी. होळीच्या दिवसांत खाटेवर बसायचं नाही, पायात चप्पल नाही, ब्रह्मचर्य, खाण्यापिण्याचे नियम. हे सगळं पाळणाऱ्याच्या अंगावर ते ठिपके चढतात. दहा वर्षांच्या पोराला सभागृहात पाउडरचे ठिपके काढून उभं केलं तर आजोबांच्या डोळ्यांसमोर काय येत असेल, याचा विचार कर. तू हे कौतुकानेच करणार होतीस, मला ठाऊक आहे. पण बुध्या, बावा, मोरखी हे होळीचे वेश तुझ्या शिबिरातून पूर्ण काढून टाक. अर्धवट ठेवू नकोस, "फक्त वेश दाखवू" असंही नको. मुलांना त्याबद्दल सांग, आजोबा तयार झाले तर त्यांच्याच तोंडून ऐकव. उद्या एखाद्या पोराला स्वतःहून पालनी धरावीशी वाटली तर तो घरच्यांशी बोलेल. तो रस्ता शिबिरातून जात नाही.

एवढं काढल्यावर उरलं काय, असं तुला वाटेल. खूप उरतं. ढोलाचे ठेके, बायकांची रांग आणि त्यांची गाणी, लग्नातला नाच, पावा वाजवणं, घुंगरं ओवणं, ढोलावर कातडं चढवणं. दहा दिवसांत यातलं एक धडपणे आलं तरी मी टाळी वाजवीन.

काय शिकवायचं आणि काय नाही ही यादी तू एकटीने ठरवू नकोस, शाळेने तर नकोच. वसाहतीतली म्हातारी माणसं, बाया आणि पुरुष दोन्ही, एका संध्याकाळी बसव. जमलं तर ग्रामसभेतच विषय घे. तळोदा तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे आणि 1996 च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे असं लिहून ठेवलं आहे. लोक हा कायदा वाळू, तेंदूपान, बांबू यांपुरता आठवतात. नाचालाही तो लागू पडतो. ग्रामसभेने ठराव केला की "हे शिकवायचं, हे नाही, याचं चित्रण करायचं नाही", तर मुख्याध्यापकांशी बोलताना तुझ्या हातात कागद असेल आणि आजोबांना कळेल की नात त्यांना विचारून चालली आहे.

दुसरं वाक्य, "दिवाळीत होळी कुठून आणलीस". हा टोमणा नाही, हे वेळापत्रक आहे. तुमच्याकडे होळीची गाणी होळी जवळ आली की ओठांवर येतात, एरवी म्हातारी बाई ती गुणगुणतही नाही. साक्रीकडे मी तेच पाहिलं. डोंगऱ्या देवाचा उत्सव मार्गशीर्षात, तेव्हा पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजणार, माणसं रात्रभर रिंगण धरणार, मग डोंगरावर जाणार. श्रावणात पावरीवाल्याला म्हटलं, "वाजवून दाखवा", तर तो हसायचा आणि शेताकडे निघून जायचा.

शिवाय दुसरा हिशोब आहे, पोटाचा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली अर्धी वसाहत ऊसतोडीला गुजरातेत जाते. तुझ्या चाळीस मुलांतली किती आईबापांबरोबर जातात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. चांगले ढोलकरी, तिशी-पस्तिशीतले, तेही जातात. ते परत येतात होळीच्या तोंडावर भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास, कारण काहीही झालं तरी होळी घरी. मग दिवाळीच्या सुट्टीत शिबिर घेऊन तू कुणाकडून शिकवणार आणि कुणाला?

म्हणून माझा सल्ला असा की सलग दहा दिवस घेऊच नकोस. दोन भाग कर. पहिला आत्ता, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, आठवड्यातून दोन संध्याकाळी: ढोल दुरुस्त करणं, साधे ठेके, लग्नाची गाणी. दुसरा होळीच्या आधीचे पंधरा दिवस, माणसं परत यायला लागली की रोज रात्री, वसाहतीच्या मोकळ्या जागेत. हा दुसरा भाग संपवायची तारीख तुला ठरवावी लागणार नाही. होळी पेटली की तो संपला.

आता शिकवायचं कसं, यावर जरा सावकाश लिहितो, कारण इथे मी स्वतः चुकलो होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे पावरीच्या नाचाचं शिबिर झालं. बाहेरून एक नृत्यशिक्षक आले. गावातल्या पावरीवाल्या आजोबांना दोन तास बसवून घेतलं, त्यांची चाल टेपवर भरली आणि चहा पाजून घरी पाठवलं. पुढचे आठ दिवस मुलं टेपवर नाचली. एक-दोन-तीन-चार मोजून पाय बसवले, रांगा सरळ केल्या, हात एकाच उंचीवर आणले. बक्षीस मिळालं. मीच त्या टेपचं बटण दाबायला बसलो होतो. त्याच मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या रिंगणात आमची तीच मुलं उभी राहिली आणि त्यांना नाचता येईना. आजोबांची पावरी कधी लांबायची, कधी मध्येच वळायची, आणि मुलं टेपमधल्या वळणाची वाट बघत होती. रात्री शेकोटीशी आजोबा मला म्हणाले, "मास्तर, पावरीला श्वास लागतो. डबीत श्वास कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही. पावरी तू पाहिली असशील, दुधी भोपळ्याचं तुंबडं, बांबूच्या नळ्या, मेणाने पक्के केलेले सांधे. वाजवणारा गाल फुगवून श्वास न तोडता वाजवत राहतो आणि नाचणारा त्याच्या गालांकडे बघून ओळखतो की आता चाल फिरणार. आम्ही मुलांना नेमकं तेच बघायला शिकवलं नव्हतं.

तेव्हा तुझ्या शिबिरात पहिले काही दिवस पाय हलवायचेच नाहीत. ढोल ऐकायचा. ठेके तोंडाने म्हणायचे, मांडीवर वाजवायचे. तुमचा मोठा ढोल किती अवघड वस्तू आहे, हे डीजेवर वाढलेल्या पोरांना एकदा जवळून दाखव. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, आवाज भद्द येतो. मग वाजवणारा काय करतो? मूठभर गवत पेटवतो, ढोल आडवा धरून कातडं त्या आचेवर फिरवतो, बोटाच्या पेराने टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा फिरवतो. जास्त वेळ धरला तर कातडं तडकतं, कमी धरला तर बोलत नाही. मी एका म्हाताऱ्याला हे करताना पाहिलं, तो कातड्याकडे बघतही नव्हता, डोळे मिटून टिचक्या मारत होता, आणि एका टिचकीला त्याच्या भुवया वर गेल्या. झालं, ढोल लागला. ही पाच मिनिटं मुलांनी पाहिली की ढोलाशी त्यांची ओळख व्हायला सुरुवात होते. एकेकाच्या हातात देऊन टिचकी मारायला लाव.

मुलींना ढोल शिकवायचा का, हेही त्या बैठकीत विचार. माझं मत विचारशील तर शिकवावा. पण नाही म्हणाले तर यंदा हट्ट धरू नकोस, पुढच्या वर्षी पुन्हा विचार.

बायकांच्या रांगेला तर शिक्षकच लागत नाही, फक्त रांग लागते. एकीचा हात दुसरीच्या पाठीमागून कंबरेला, दुसरीचा तिसरीच्या. नवी मुलगी दोन काकूंच्या मधे घालायची. पुढची पायरी तिला कुणी सांगत नाही. डावी-उजवीकडची अंगं सरकली की तीही सरकते, चुकली तर ओढली जाते. अर्ध्या तासात तिचे पाय शहाणे होतात आणि तिच्या ते लक्षातही येत नाही. लाजणाऱ्या मुलांवर हाच उपाय आहे. समोर उभं करून "नाच बरं" म्हटलं तर मीही लाजेन. तेव्हा आरसा नको, समोर बसलेले प्रेक्षक नकोत, मुलांची मुलांशी स्पर्धा नको. चाळीस मुलांना एकत्र शिकवण्याऐवजी चार मुलांमागे एक मोठं माणूस अशी रांग कर. काकू-मावश्या संध्याकाळी भाकरी थापून मोकळ्या झाल्या की येतील, फक्त त्यांना "शिकवायला या" म्हणू नकोस. "नाचायला या" म्हण.

गाणी भिलीतच राहू देत. स्नेहसंमेलनात पाहुण्यांना कळावं म्हणून मराठीत फिरवलेली होळीची गाणी मी ऐकली आहेत. शब्दाची लांबी बदलते, मग ठेका वाकवावा लागतो, मग पाय. पोरांना वहीत देवनागरीत लिहून घेऊ दे आणि अर्थ घरी आजीला विचारून यायला सांग. एकाच ओळीचे तीन अर्थ येतील. तिन्ही लिहून घे.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण ती येणार. पुनर्वसन वसाहतीत माणसं एकाच गावची नसतात. महाराष्ट्रातली अक्कलकुवा-धडगावकडची 33 गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली, आणि खाली आल्यावर नदीकाठच्या दोन-तीन गावांचे लोक एका वसाहतीत, काही वसावे, काही पावरा जमातीचे, असे शेजारी राहायला लागले. चाल गावागणिक वेगळी असते. एक मामा म्हणेल, पाय असा टाकायचा, दुसरा म्हणेल, छे, हे आमच्याकडे नव्हतं. तू मधला एक पाय काढायला जाऊ नकोस. ही चाल अमक्या गावची, ही तमक्या गावची, असं नाव घेऊन दोन्ही शिकव. ती गावं आता पाण्याखाली आहेत. तुझ्या चाळीस मुलांतल्या बहुतेकांनी ती पाहिलेली नाहीत. एखाद्या पोराला गावाचं नाव पायातून आठवत असेल तर त्याला ते आठवू दे. मला विचारशील तर तुझ्या शिबिरातलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि हे दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. डोंगरातल्या जुन्या गावात राहिलेल्यांनाही नाही, कारण तिथे एकच चाल आहे.

शाळेचं थोडक्यात. सभागृह घेऊ नकोस. फरशीवर ढोल घुमतो, कान किटतात, आणि अनवाणी पायाला माती लागते तसं फरशीवर होत नाही. आठ मिनिटांची अट मान्य करायची असेल तर होळीचं नाव काढून लग्नाचा नाच दे, ढोल प्रत्यक्ष वाजवणारा माणूस रंगमंचावर हवा, आणि पुढे जाऊन दोन वाक्यं एखाद्या मुलीने भिलीत बोलावीत. मुख्याध्यापक तयार झाले तर छान. नाही झाले तर स्नेहसंमेलन दरवर्षी असतं. 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत मुलं नाचली तर ते मला जास्त आवडेल. तिथे रस्ता आहे, माती आहे, आणि थांबा म्हणणारी शिट्टी नाही.

टिमलीशी भांडण मांडू नकोस. डीजेवाला पोरगाही तुमच्यातलाच आहे आणि त्याच्या यंत्रातला ठेका कुठून आला ते नीट ऐकलं तर कळतं. त्यालाच एका संध्याकाळी बोलाव आणि आजोबांच्या ढोलाशेजारी बसव.

शहरातल्या मुलांना घ्यायचं का? पहिल्या वर्षी नको. तुझी स्वतःची मुलं अजून लाजतात. त्यांच्या शेजारी फी भरून आलेली, बूट घालून आलेली, मोबाइलवर आपलं चित्रण करून घेणारी चार मुलं उभी राहिली की तुझी चाळीस मागच्या रांगेत जातील. त्या पालकांना होळीला बोलाव. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, रात्रभर माणसं नाचत असतात, तिथे त्यांना मुलांसकट घेऊन जा. रिंगणात जागा असते. रात्रभर जागण्याची तयारी असेल त्याने यावं.

पैशाचं मात्र गांभीर्याने घे. शिकवणाऱ्याला फुकट बोलवायचं नाही, तो तुझा आजोबा असला तरी. शाल आणि नारळ देऊन पाठवणी करण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. रोजंदारीला जेवढं मिळतं त्यापेक्षा कमी हातावर ठेवू नकोस, आणि ते पहिल्याच संध्याकाळी दे, शेवटी समारंभात नको. होळीच्या पंधरवड्यात तरुण ढोलकरी आठ दिवस आधी परत यावा असं वाटत असेल तर त्याचे बुडालेले आठ खाडे कुणीतरी भरून द्यायला हवेत. ग्रामपंचायतीकडे पेसाचा निधी येतो, त्यातून काय बसतं ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) विचार. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे गुरू-शिष्य परंपरेची योजना आहे, त्यात शिकवणारा, साथ करणारा आणि शिकणारा, तिघांनाही मानधन मिळतं. महाराष्ट्र त्यांच्या क्षेत्रात येतो. अर्ज कर, पण त्या पैशावर अडून राहू नकोस. पहिल्या वर्षाचा खर्च चहा, गूळ, दोन कातडी आणि माणसांची मजुरी एवढाच आहे. शहरातल्या त्या पालकांना खरंच मदत करायची असेल तर ती कातडी त्यांनी घेऊन द्यावीत.

मोबाइलवर चित्रण करायला हरकत नाही, तेही बैठकीत ठरल्यावर. बायका गाताना करायचं असेल तर आधी त्यांना विचार आणि झाल्यावर त्यांना दाखव. सगळं एका पेनड्राइव्हवर ठेव, त्याची एक प्रत वसाहतीतच कुणा मोठ्या बाईकडे राहू दे. इंटरनेटवर टाकायची घाई नको.

आता आजोबा. त्यांच्याकडे शिबिराचा विषय घेऊन जाऊच नकोस. ते तुला शिबिरावर नाही म्हणाले आहेत आणि म्हातारी माणसं शब्द मागे घेत नाहीत. एखाद्या संध्याकाळी तो ढोल आढ्यावरून खाली काढ. एकटीने नको, जड असतो, भावाला घे. दोरी तपास, पावसाळ्यात उंदीर कुरतडतात. अंगणात ठेव, कापडाने पूस आणि कातड्यावर टिचकी मार. चुकीची मार. मग ते खाटेवरून उठतात का ते बघ.

उठले तर त्यांना एकच विचार: हे कातडं चालेल, की बदलावं लागेल? बदलायचं असेल तर बकऱ्याचं कातडं कुणाकडून आणायचं, किती दिवस वाळवायचं, ते त्यांना सांगू दे आणि वसाहतीतल्या दोन पोरांना त्या वेळी तिथे बसव. ती दोन पोरं हीच तुझी पहिली तुकडी. कातड्याचं काय झालं, ते मला कळव.

तुझा,
काका